रतिश्रम आणि आमचें वैद्यक

समागमानंतर अंग दुखतें, मांड्या भरून येतात, ही तक्रार घरांत कोणी उच्चारीत नाहीं. आमच्या प्राचीन वैद्यांना मात्र तिचा संकोच नव्हता. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांत आहार व निद्रा यांच्या जोडीलाच हा विषय घेतला आहे. समागमानंतर स्नान, उटी, गार वारा, साखरेचे पदार्थ, दूध, मांसरस आणि मग झोंप, असा त्याचा उपदेश आहे. तोहि पुरुषालाच उद्देशून, हें सांगितलें पाहिजे. अतिरेकानें भोंवळ, ग्लानि व मांड्यांची दुर्बलता येते, असें तो म्हणतो. मांड्यांचा हा उल्लेख आम्हांस महत्त्वाचा वाटतो. पाहिल्यावांचून असें कोणी लिहीत नाहीं.

चुकलें तें कारण. शुक्र हा सातवा धातु, तो वेंचला म्हणून बल गेलें, हें त्या वैद्यकाचें उत्तर. त्यानें पुढें किती तरुणांची झोंप उडविली, आणि धातुपुष्टीच्या किती बाटल्या खपविल्या! संवय नसलेल्या श्रमानंतर दुसऱ्या दिवशीं स्नायु कां दुखतात, याचे प्रयोग थिओडोर हफ या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९०२ सालीं प्रसिद्ध केले. स्नायूंतच बारीक इजा होते, असें त्याचें अनुमान होतें. मांड्या-कंबरेचें हें दुखणें बहुधा त्याच जातीचें असून दोन-चार दिवसांत ओसरतें.

तथापि सर्वांचें नव्हे. २००२ सालीं नेदरलंड्समधील वाल्डिंगर व श्वाइत्सर यांनीं दोन पुरुषांची हकीकत प्रसिद्ध केली. स्खलनानंतर त्यांना इन्फ्लुएंझासारखी कणकण व थकवा येई, आणि तो कित्येक दिवस टिके. हा विकार विरळा आहे, पण मनाचा खेळ नव्हे. त्याचें कारण अद्याप निश्चित झालेलें नाहीं.