राजाच्या नौकेपासून कुटुंबाच्या होडीपर्यंत

समुद्राशी माणसाचे पहिले नाते पोटाचे आहे. मासे धरणे, माल वाहून नेणे, पैलतीर गाठणे आणि दुर्दैवाने युद्ध करणे या कारणांसाठी माणसाने हजारो वर्षे शीड उभारले. सकाळी निघावे, सोबत बायकामुले आणि दोनचार स्नेही असावेत, वारा नेईल तेथवर जावे आणि सांजवेळी घरी परतावे, एवढ्याच साध्या आनंदासाठी होडी पाण्यात लोटण्याची प्रथा त्या मानाने अगदी अलीकडची आहे. राजवाड्यात जन्मलेला हा आनंद कामगाराच्या परसात कसा येऊन पोहोचला, याचा इतिहास किनाऱ्यावर राहणाऱ्या आपणा सर्वांना विचार करायला लावणारा आहे.

या इतिहासाचा आरंभ हॉलंडमध्ये होतो. उथळ किनारा आणि घरोघर जाऊन भिडणारे कालवे लाभलेल्या डच लोकांनी वेगवान, हलक्या नौका तयार केल्या होत्या. पाठलाग करणे या अर्थाच्या डच शब्दावरूनच पुढे 'यॉट' हे नाव रूढ झाले. इ. स. १६६० मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स अज्ञातवासातून गादीवर परतला, तेव्हा अ‍ॅमस्टरडॅम शहराने त्याला 'मेरी' नावाची अशी एक नौका भेट दिली. राजाला हा छंद इतका जडला की त्याने लगोलग आणखी नौका बांधवून घेतल्या. त्यांपैकी एकीचे नाव होते 'कॅथरीन'.

हे नाव वाचताच आपल्या मनात ओळखीची तार छेडली जावी. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रगांझा हिच्याशी चार्ल्सच्या विवाहाचा करार २३ जून १६६१ रोजी झाला आणि त्याच करारान्वये मुंबई बेट इंग्रजांना आंदण मिळाले. त्या वेळी वसईवर पोर्तुगिजांचा अंमल होता आणि तो १७३९ पर्यंत टिकला. विवाहकराराच्याच वर्षी, १ ऑक्टोबर १६६१ रोजी, राजाची नौका आणि त्याचा धाकटा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क याची 'अ‍ॅन' यांच्यात थेम्स नदीवर ग्रिनिच ते ग्रेव्हसेंड आणि परत अशी शंभर पौंडांची शर्यत लागली. जॉन इव्हलिन या रोजनिशीकाराने नोंदवून ठेवले आहे की, जाताना वारा उलटा असल्याने राजा हरला. परतताना मात्र त्याने पैज वाचवली. मधूनमधून सुकाणू त्याच्याच हाती होते. वारा राजा-रंक जाणत नाही, हा धडा त्या दिवशी खुद्द राजाने गिरवला.

पुढील दोनशे वर्षे हा छंद बहुतांशी श्रीमंतांचाच राहिला. मोठी नौका, पगारी खलाशी आणि भरपूर रिकामा वेळ या तिन्ही गोष्टी ज्याच्यापाशी, त्याचाच समुद्र. १८१५ मध्ये स्थापन झालेल्या आणि काउझ येथे नावारूपाला आलेल्या क्लबात उमरावांचाच भरणा होता. मुंबईचा यॉट क्लब १८४६ मध्ये निघाला. मात्र ज्या किनाऱ्यावर कोळी बांधव पिढ्यान् पिढ्या शिडे उभारीत आले, त्याच किनाऱ्यावरील या क्लबाचे सभासदत्व हिंदी माणसाला प्रदीर्घ काळ नाकारले गेले. समुद्र सर्वांचा, पण त्यावरील आनंद काहींचाच, हा विरोधाभास येथे उघडा पडतो.

या भिंतीला पहिले खिंडार पाडले ते एकट्यादुकट्या प्रवाशांनी. जॉन मॅकग्रेगर याने १८६५ मध्ये 'रॉब रॉय' नावाच्या छोट्या नावेतून युरोपातील नद्या पालथ्या घातल्या आणि त्या प्रवासाचे पुस्तक लिहिले. खलाशांच्या ताफ्याशिवायही पाण्यावरचा आनंद लुटता येतो, हे सामान्य वाचकाला त्यावरून कळले. पुढे १९३० साली आर्थर रॅन्सम याची 'स्वॅलोज अँड अ‍ॅमेझॉन्स' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. १९२८ च्या उन्हाळ्यात त्याने आल्टून्यान कुटुंबातील मुलांना इंग्लंडमधील कॉनिस्टन सरोवरावर शीड हाकण्याचे धडे दिले होते. त्यातूनच हे पुस्तक उगवले. कथेतील वडील नौदलात दूरदेशी आहेत आणि मुलांनी स्वतः होडी हाकावी, याला तारेने संमती देतात. त्या संमतीत मुलांवरचा विश्वास आहे, तसेच मुलांनी आधी नीट शिकलेले असावे ही अपेक्षाही आहे.

पण विश्वासाने पोट भरत नाही आणि सुटीही मिळत नाही. ब्रिटनमध्ये पगारी रजेचा कायदा १९३८ मध्ये झाला. मग महायुद्ध आले. 'मॉस्किटो' या लढाऊ विमानाचे अंग पातळ लाकडी थर एकमेकांस चिकटवून बनवले जाई. युद्ध संपले तेव्हा ओलाव्यात न सुटणारा गोंद आणि पाण्यात टिकणारे प्लायवूड यांचे ज्ञान कारागिरांच्या हाती उरले. यशया संदेष्ट्याने पाहिलेल्या स्वप्नाची आठवण व्हावी, असाच हा प्रसंग! जॅक होल्ट नावाच्या होडी बांधणाऱ्याने १९४७ मध्ये मुलांसाठी प्लायवूडची 'कॅडेट' ही होडी आखली. त्याच वर्षी अमेरिकेत फ्लोरिडातील क्लियरवॉटर येथे क्लार्क मिल्स याने आठ वर्षांचे मूलही हाकू शकेल अशी 'ऑप्टिमिस्ट' तयार केली.

खरी क्रांती घडली ती १९६२ मध्ये. दूरदर्शनवरून लोकांना घरची सुतारकामे शिकवणारा बॅरी बकनेल आणि हाच जॅक होल्ट यांनी मिळून एक होडी आखली. 'डेली मिरर' या कामगारवर्गात खपणाऱ्या वृत्तपत्राने तिला पाठबळ दिले, म्हणून तिचे नाव 'मिरर'. लांबी ३.३ मीटर, सांगाड्याचे वजन सुमारे ४५ किलो. म्हणजे घरच्या मोटारीच्या टपावर ती सहज बांधता येई. डोलकाठी आखूड ठेवल्याने सारे दांडे होडीच्या पोटातच मावत. आत हवाबंद कप्पे असल्याने ती उलटली तरी बुडत नसे. शीड तांबडे. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग, म्हणजे साध्या कामगाराची साधारण महिनाभराची कमाई. कापून तयार केलेल्या फळ्या खोक्यातून घरी येत. त्या तांब्याच्या तारेने एकमेकींस शिवायच्या आणि सांध्यांवर काचतंतूंची पट्टी राळेने चिकटवायची, इतके ते काम सोपे होते. सत्तर हजारांहून अधिक 'मिरर' होड्या आजवर पाण्यात उतरल्या.

होडी शिवायची, हे आपल्याला नवल वाटू नये. पश्चिम किनाऱ्यावर खिळ्यांऐवजी काथ्याने फळ्या शिवण्याची परंपरा फार प्राचीन आहे. त्याच पद्धतीने गोव्यात बांधलेले 'कौंडिण्य' हे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाले.

या सर्व वाटचालीचे मर्म काय? राजाचा आनंद प्रजेपर्यंत पोहोचला, तो कोणाच्या औदार्याने नव्हे. कायद्याने हक्काची विश्रांती दिली, कारागिराने आपली विद्या आणि आराखडे खुले केले, आणि घरच्या माणसांनी आपल्या हातांनी श्रम केले. या तिन्हींचा संगम झाला तेव्हाच ते घडले. यांपैकी एक जरी नसते, तरी होडी क्लबाच्या धक्क्यालाच बांधलेली राहिली असती.

आपल्या किनाऱ्याची कहाणी मात्र उलट्या दिशेने चालली आहे. ज्यांच्या आजोबांना वाऱ्याची चाहूल नाकाने लागत असे, त्यांच्या नातवंडांना आज समुद्र माहीत आहे तो धोक्याच्या फलकावरून, नाहीतर बुडालेल्याच्या बातमीवरून. शिडांची जागा यंत्रांनी घेतली आणि कष्ट हलके झाले, हे चांगलेच झाले. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण यंत्राबरोबर पाण्याची ओळखही गेली, ही हानी लहान नव्हे. पाण्याची भीती मुलाला तात्पुरते काठावर ठेवते. पाण्याची समज त्याला आयुष्यभर सांभाळते. म्हणून पोहणे, अंगातील तरंगजाकीट, भरती-ओहोटीचे गणित आणि पावसाळ्यात होडी न काढण्याचा संयम, हे शिक्षण आधी आणि शीड नंतर, हा क्रम पाळावाच लागेल.

हे अशक्य नाही. २००९ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या यॉट क्लबाने हुसेनसागरच्या पाण्यावर गरीब वस्त्यांतील मुलामुलींना शीड हाकण्यास शिकवले आणि त्यांतून राष्ट्रीय पातळीवरचे खेळाडू घडले. त्या मुलांच्या पाठीशी समुद्रही नव्हता. आपल्या अंगणाशी तर तो रोज दोनदा येऊन परत जातो. आपल्या वाडवडिलांनी त्याच्याकडून भाकरी घेतली. एखाद्या सुटीच्या दिवशी, वारा मंद असताना, आपल्या मुलांना त्याच्याकडून आनंदही घेता यावा, एवढी तयारी आपल्या घरांनी आणि गावांनी करावयास हवी.