दंतमूलरोग व हेमाद्रीची अनुपलब्ध टीका

पुणें रस्त्यावरील केडगांव आज अहिल्यानगर शहरांतच मोडतें. तेथील रेणुकेचें देवस्थान सर्वश्रुत आहे. आमचें लक्ष मात्र त्या बाजूच्या जुन्या घरांत वैद्यकाचीं बाडें असल्यास त्यांकडे आहे.

सुश्रुतानें दंतमूलाचे १५ रोग सांगितले. हिरड्यांचा दाह व पाक होऊन दांत हलूं लागतात, तो उपकुश. रोग हिरडीचा, पण चिकित्सा आधीं सर्व शरीराची : वमन व विरेचन देऊन, मस्तकाचेंहि शोधन करून, मग काळ्या उंबराच्या खरखरीत पानांनीं हिरडीचें रक्त काढावें. यावरून प्राचीनांस आजचें सर्व ठाऊक होतें असें म्हणणें धाडसाचें. मधुमेहानें हिरड्या बिघडतात व बिघडलेल्या हिरड्यांमुळें रक्तांतील साखर आवरणें कठीण जातें, हा संबंध विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत स्पष्ट झाला. त्यापूर्वीं, १९०० च्या सुमारास, लंडनच्या विल्यम हंटरनें तोंडांतील पुवास अंगभर रोगांचें मूळ ठरविलें, आणि त्या मताच्या भरांत पुष्कळांचे धड दांत उपटले गेले!

वाग्भटानें हे रोग अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानांत घेतले. त्या ग्रंथावर देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें तेराव्या शतकांत ‘आयुर्वेदरसायन’ टीका लिहिली. ती सूत्रस्थान व कल्पस्थान यांवर पूर्ण, अन्यत्र त्रुटित मिळते. १९३९ च्या निर्णयसागर आवृत्तींत मुखरोगांवर अरुणदत्तच बोलतो. हेमाद्रि याच प्रांतांतला, म्हणून त्याचा अभिप्राय विशेष हवासा वाटतो. मधें मूळ व वरखालीं टीका अशीं पानें कोणास आढळल्यास उत्तरस्थानाचे २१ व २२ हे अध्याय आधीं पाहावेत.