पत्र्याच्या प्रेसमधून निघालेला सूर

बाळकुम नाक्यावरून कोलशेतकडे निघालं की आज टॉवरच टॉवर. या पट्ट्यात रसायनांचे कारखाने होते, हे नव्या रहिवाशांना सांगावं लागतं. पलीकडे, एमआयडीसीने १९६२ नंतर वसवलेल्या वागळे इस्टेटमध्ये पत्र्याचं काम करणारे गाळे मात्र अजून आहेत. पॉवर प्रेसवर जन्म काढलेल्या माणसाशी हात मिळवला तर कधी कधी एखादं पेर कमी लागतं. हेवी मेटलच्या पहिल्या अल्बमचं मूळ अशाच एका हातात आहे, त्यामुळे ती कुळकथा ठाणेकराला फारशी परकी वाटू नये.

गाव बर्मिंगहॅम, साल १९६५. टोनी आयोमी हा १७ वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. नोकरीचा शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला तो परत जाणारच नव्हता, आईने पिटाळलं म्हणून गेला. प्रेसवरचा माणूस आला नव्हता, तर याला तिथं उभं केलं. मधलं बोट आणि अनामिका, दोन्हींची टोकं गेली, तीही उजव्या हाताची. पोरगा डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच.

धीर दिला तो कारखान्याच्या फोरमनने. त्याने जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. हा जिप्सी गिटारवादक आगीत भाजलेल्या हाताच्या दोनच बोटांनी सोलो वाजवायचा. मग आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, बोटांच्या मापाच्या टोप्या केल्या आणि वर चामडं चिकटवलं. टोपीखालून तार जाणवेना, जाड तार दाबवेना. म्हणून बँजोच्या पातळ तारा गिटारला चढल्या. बोटांची फार कसरत नको म्हणून दोन-तीन तारांचे सुटसुटीत, दणदणीत कॉर्ड आले. पुढे आपल्या बँडच्या १९७१च्या तिसऱ्या अल्बमवर त्याने तारा आणखी सैल सोडल्या, सूर तीन अर्धस्वरांनी खाली उतरवला. ज्याला आपण ‘हेवी’ म्हणतो ते असं सोयीसोयीने जमत गेलं. शैली घडवायची म्हणून कुणी बसलं नव्हतं.

‘ब्लॅक सॅबथ’ हा आयोमीच्या त्याच नावाच्या बँडचा पहिला अल्बम. १६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत तो जवळजवळ एका दिवसात उरकला. निर्माता रॉजर बेन. क्लबात वाजवायचे तसंच सगळे एकदम वाजवत गेले. पाऊस आणि चर्चची घंटा नंतर भरली. १३ फेब्रुवारी १९७० रोजी अल्बम बाजारात आला, वारही अर्थात शुक्रवार. त्याच्या पहिल्या गाण्याची धून तीन सुरांची: खालचा षड्ज, तार षड्ज आणि मग तीव्र मध्यम. षड्ज ते तीव्र मध्यम या अंतराला युरोपने ‘सैतान’ ठरवलेलं. आपल्याकडे त्याच तीव्र मध्यमावर यमन उभा आहे. सैतानाला इथं संध्याकाळची शिफ्ट मिळाली, एवढंच.

मुंबईतल्या शाखेची सुरुवात हार्ड रॉकपासून धरावी लागते. १९८४ साली उभ्या राहिलेल्या ‘रॉक मशीन’चा पहिला अल्बम ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ १९८८चा. लोक परदेशी गाणी हुबेहूब वाजवून दाखवा म्हणत होते, त्या काळात महेश तिनईकर, उदय बेनेगल ही मंडळी स्वतःची गाणी घेऊन उभी राहिली. अड्डा धोबीतलावच्या रंगभवनचा, ‘इंडिपेंडन्स रॉक’ या महोत्सवाचा. पुढे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र ठरवलं आणि रुग्णालयांच्या शेजारचं रंगभवन गप्प झालं. नियम चुकीचा नव्हता. पण बदली जागा कुणी दिली नाही, हेही खरं.

त्याच २००० साली साहिल मखिजाने मुंबईत ‘डीमॉनिक रेझरेक्शन’ हा मेटल बँड सुरू केला आणि वर्ष संपायच्या आत ‘डीमनस्टीलर’ हा पहिला अल्बम स्वतःच काढला. गुरगुरता आवाज, त्यावर कीबोर्ड, असलं काही विकत घेईल अशी कंपनी इथं नव्हती. आयोमीने बोटांच्या टोप्या केल्या, मखिजाने पुढे ‘डीमनस्टीलर रेकॉर्ड्स’ ही कंपनीच केली, आणि मैफली भरवायला ‘रेझरेक्शन’ नावाची मालिका. जे नाही ते घरी बनवायचं, हा गुण या घराण्यात चांगलाच उतरलाय. २०१०चा ‘द रिटर्न टू डार्कनेस’ ब्रिटनच्या कँडललाइट रेकॉर्ड्सने बाहेर नेला.

मला त्यांचा २०१७चा अल्बम जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याचं नाव ‘दशावतार’, गाणी दहा, मत्स्यापासून कल्कीपर्यंत, आणि साथीला तबला-सतार. कोकणातले दशावतारी अशाच पुराणकथा रात्रभर, पेटी-मृदंगावर, पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. डीमनचं नाव घेऊन निघालेला बँड विष्णूपर्यंत पोचला, तोवर १७ वर्षं गेली होती.