आगाशिवाची लेणी आणि करहाकटाचे दाते

कऱ्हाडच्या नैर्ऋत्येस सुमारे ५ किलोमीटरांवर आगाशिवाचा डोंगर आहे. माथ्यावरील शिवालयामुळे भाविकांची पावले तिकडे वळतात; इतिहासाच्या अभ्यासकाचे लक्ष मात्र डोंगराच्या कुशीतील बौद्ध लेण्यांकडे जाते. बार्टल फ्रीअर यांनी १८४९ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली व पुढे बर्जेस यांनी त्यांचे वर्णन केले. जखिणवाडीच्या बाजूस २३, त्यांपलीकडे १९ आणि कोयनेच्या खोऱ्याकडे तोंड करून २२, अशी एकंदर ६४ लेणी मोजली गेली आहेत.

कार्ले किंवा अजिंठा पाहून येथे येणाऱ्याची प्रथमदर्शनी निराशा होते. पाचव्या लेण्यातील चैत्यगृहाच्या दाराशी चक्र व सिंह कोरलेले आहेत. एरवी लहान खोल्या, दगडी ओटे, कोठे एखादा स्तूप. कोरीव लेखही नाममात्र. ४८व्या लेण्यातील लेखावरून ते गोपालपुत्र संघमित्राचे दान होते एवढे कळते. यावरून येथील आश्रयदाते दरिद्री किंवा उदासीन होते, असे अनुमान काढण्याचा मोह होतो.

ते अनुमान टिकत नाही. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील भारहुतच्या स्तूपावर करहाकटाच्या निगमाने दिलेल्या दानाची नोंद आहे. करहाकट म्हणजेच कऱ्हाड, हे मत ल्यूडर्स यांच्यासारख्या लेखविद्येच्या पंडितांनी स्वीकारले आहे. कोकणातील कुडे येथील लेण्यांतही याच गावच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान नमूद आहे. ज्या गावचा निगम दूर मध्य भारतात दान पाठवीत होता आणि ज्याचा वाणी घाट उतरून किनाऱ्याजवळ दान देत होता, ते गाव धनहीन खासच नव्हते.

मग घरच्या डोंगरावर ही नावे का नाहीत? आमच्या मते, परस्थळी दात्याला आपले नाव व गाव सांगणे भाग होते. स्वग्रामी त्याची ओळख भिक्षूंना होतीच. शिवाय विहार कोरविणे हे दानाचे केवळ एक अंग होय. भिक्षू स्वतः शेती करीत नसे. त्याचे अन्न गृहस्थाच्या दारून येई. ६४ लेणी एकाच वेळी नांदती नसतील. तथापि एवढी वस्ती अनेक पिढ्या टिकली, यातच नित्य भिक्षा घालणाऱ्या शेकडो घरांचा पुरावा आहे. त्या दानाचा शिलालेख कोणी कोरीत नाही.

म्हणून केवळ कोरीव कामावरून एखाद्या लेणीसमूहाचे मोल ठरविणे योग्य नव्हे. त्याच्या पायथ्याचे गाव व त्या गावाची अन्यत्र विखुरलेली नावे ही एकत्र वाचली पाहिजेत. आगाशिवाच्या मूक भिंतींचा अर्थ भारहुत आणि कुडे येथील अक्षरांवाचून लागत नाही.