फिलोमिना : एका नावाचा प्रवास

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा संपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध भगिनी मुद्दाम मागे थांबल्या. त्यांचे माहेर वसईकडचे. पतीच्या नोकरीनिमित्ताने त्या वऱ्हाडात आल्या आणि येथल्याच होऊन राहिल्या. नाव फिलोमिना. नातीने कुठेतरी वाचलेली एक गोष्ट त्यांच्या मनाला लागली होती. त्या म्हणाल्या, "फादर, माझी नामसंत संतच नव्हती, असे म्हणतात. मग माझा स्नानसंस्कार झाला तो कोणाच्या नावाने?"

प्रश्न साधा होता, पण उभ्या उभ्या उत्तर देऊन भागण्यासारखा नव्हता. गोवा, मुंबई, वसई आणि मंगळूर येथील कॅथलिक घराण्यांतून हे नाव एके काळी आवडीने ठेवले जाई. कोणाची आत्या फिलोमिना, कोणाची मावशी फिलू. आज मात्र नव्या बालिकेला हे नाव दिल्याचे क्वचितच आढळते. म्हणून या नावाची कुळकथा वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हाला वाटले.

नाव मूळचे ग्रीक. 'फिलेओ' म्हणजे प्रेम करणे, जिव्हाळा बाळगणे. त्यापासून 'फिलुमेने', म्हणजे जिच्यावर प्रेम केले जाते ती. ग्रीक भाषेतील हा 'मेने' प्रत्यय आपल्याला परका नाही. संस्कृतातील 'मान' हा त्याचाच भाऊबंद, आणि 'वर्धमान', 'विद्यमान' हे शब्द तर आपल्या नित्य परिचयाचे आहेत. संत योहानच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू पेत्राला तीन वेळा प्रेमाविषयी विचारतो. तेथे पेत्र आपल्या तिन्ही उत्तरांत हेच 'फिलेओ' क्रियापद वापरतो. आपल्या भाषेत या नावाला प्रतिशब्द शोधायचा तर तो 'प्रिया' असाच होईल.

रोमन लोकांना हे नाव ख्रिस्तपूर्व काळापासून ठाऊक होते. टेरेन्स या लॅटिन नाटककाराच्या दोन नाटकांतील तरुणी या नावाच्या आहेत. परंतु पुढे शतकानुशतके ते विस्मृतीत गेले. मध्ययुगात मुलींना आग्नेस, मार्गारेट, हेलेना ही ग्रीक वळणाची नावे सर्रास दिली जात. फिलुमेना मात्र अपवादानेच आढळे. ती पुन्हा प्रकाशात आली १८०२ साली, आणि तीही अक्षरशः जमिनीखालून.

रोममधील सालारिया मार्गावर प्रिस्किल्ला नावाची प्राचीन भुयारी दफनभूमी आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात तेथे उत्खनन चालू असता एक कबर सापडली. तिचे तोंड भाजलेल्या मातीच्या तीन फरश्यांनी बंद केलेले होते. फरश्यांवर नांगर, बाण, झावळी अशी चिन्हे होती आणि ओळीने अक्षरे होती ती अशी : 'लुमेना', 'पॅक्स ते', 'कुम फि'. या क्रमाने काहीच अर्थ लागेना. पहिली फरशी शेवटच्या जागी नेली, तेव्हा वाक्य जुळले : 'फिलुमेना, तुला शांती असो.' आत एका किशोरवयीन मुलीच्या अस्थी होत्या आणि जवळ काचेच्या कुपीचे तुकडे. अशी कुपी रक्तसाक्ष्याच्या रक्ताची असते, अशी त्या काळी समजूत होती. त्यामुळे ही कबर फिलुमेना नावाच्या रक्तसाक्षी कुमारिकेची, असे ठरले.

१८०५ साली फ्रान्सेस्को दे लुचिया या धर्मगुरूने त्या अस्थी नेपल्सजवळील आपल्या मुन्यानो या गावी नेल्या. तेथे आजारी बरे होऊ लागल्याच्या वार्ता पसरल्या आणि भाविकांची रीघ लागली. या संतेचे चरित्र मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. ती उणीव भरून काढली नेपल्समधील एका व्रतस्थ भगिनीच्या साक्षात्कारांनी. ते १८३३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार फिलोमिना ही ग्रीस देशातील एका राजाची कन्या. सम्राट डायोक्लेशियनची मागणी तिने नाकारली, म्हणून तिचा छळ होऊन वध झाला. 'प्रकाशाची कन्या' असा नावाचा नवा अर्थही याच कथेतून रूढ झाला. हा अर्थ मधुर खरा, परंतु तो लॅटिन शब्दांवरून जुळवलेला आहे. नाव ग्रीक असल्याने व्याकरणाच्या कसोटीवर तो उतरत नाही.

नावाचा खरा प्रसार झाला तो दोन फ्रेंच भक्तांमुळे. पहिल्या पॉलिन जारिको. लिऑन शहरातील ही प्रापंचिक तरुणी. मिशनकार्यासाठी सामान्य कामगारांकडून आठवड्याला एकेक नाणे गोळा करण्याची तिची योजना होती. त्यातूनच १८२२ साली श्रद्धाप्रसार संस्था उभी राहिली. १८३५ साली मरणाच्या दारात असताना तिने मुन्यानोची यात्रा केली आणि ती बरी होऊन परतली. पुढे २०२२ साली लिऑन येथेच तिला धन्यवादित घोषित करण्यात आले. दुसरे आर्सचे धर्मगुरू संत जॉन मेरी वियानी, आम्हा धर्मग्रामातील धर्मगुरूंचे आश्रयदाते संत. जारिको कुटुंबाकडून मिळालेला अवशेष त्यांनी आपल्या मंदिरात ठेवला. आर्समध्ये घडणाऱ्या चमत्कारांचे श्रेय ते स्वतःकडे न घेता नेहमी फिलोमिनाला देत. १८३७ साली पोप सोळावे ग्रेगरी यांनी तिच्या सणाच्या उपासनेस अनुमती दिली आणि एकेकाळचे हे दुर्मीळ नाव घरोघर पोहोचले.

भारतात ते येण्यास काळही अनुकूल होता. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच भाषिक मिशनरी मोठ्या संख्येने येथे आले. आपल्या विदर्भात १८८७ साली नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला आणि सव्हॉय प्रांतातील आन्सी येथून आलेल्या संत फ्रान्सिस द सेल्स संघाकडे तो सोपवण्यात आला. म्हैसूरला तर फिलोमिनाच्या नावाचे भव्य मंदिरच उभे राहिले. त्याची कोनशिला १९३३ साली महाराजा कृष्णराज वडियार चौथे यांनी बसवली. गोव्याकडे पोर्तुगीज वळणाचे 'फिलोमेना' रूढ झाले. शिवाय १९१७ च्या धर्मविधिसंहितेने स्नानसंस्काराच्या वेळी बालकाला ख्रिस्ती नाव मिळेल हे पाहण्याची जबाबदारी धर्मगुरूंवर टाकली होती. पालकांनी दुसरे नाव ठेवलेच, तर सोबत एखाद्या संताचे नाव जोडून दोन्ही नोंदवावीत, असा नियम होता. अशा काळात नव्या, लोकप्रिय संतेचे नाव नोंदवह्यांतून वारंवार उमटावे, यात नवल नाही.

मग शंका कोठून आली? ती धर्माच्या विरोधकांकडून आली नाही. ती काढली ओराझिओ मारुक्की या कॅथलिक पुरातत्त्वज्ञाने, विसाव्या शतकाच्या आरंभी. त्यांचे म्हणणे असे की, त्या फरश्या मूळच्या अधिक जुन्या, दुसऱ्याच कबरीच्या होत्या. पुढे त्या पुन्हा वापरताना क्रम मुद्दाम बदलला, म्हणजे आतला देह फिलुमेनाचा नव्हे हे कळावे. कुप्यांविषयीही अभ्यासकांचे मत पालटले. त्या सुगंधी द्रव्याच्या असाव्यात, असे मानले जाऊ लागले.

वाशीमच्या वाचकांना या वादाचे मर्म चटकन उमगेल. आपले हे नगर म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. १९३९ साली येथे विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट सापडला. या घराण्याची एक स्वतंत्र शाखा येथे नांदत होती, हे तेव्हा प्रथमच स्पष्ट झाले. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील झिजलेल्या शिलालेखात एका राजाचे नाव पूर्वी चुकीचे वाचले गेले होते. ताम्रपटाच्या आधारे वा. वि. मिराशी यांनी तेथे 'सर्वसेन' हे नाव निश्चित केले. वाचन सुधारले म्हणून अजिंठ्याची शोभा उणावली नाही. सत्यशोधनाने श्रद्धास्थानाचा अपमान होतो, हे आम्हाला म्हणूनच पटत नाही.

ख्रिस्तसभेनेही हेच धैर्य दाखवले. १४ फेब्रुवारी १९६१ रोजी रोमच्या विधिविषयक मंडळाने फिलोमिनाचा ११ ऑगस्टचा सण सर्व उपासना-दिनदर्शिकांतून वगळण्याचा आदेश दिला. अनेक भाविक दुखावले. परंतु या आदेशाची मर्यादा ध्यानी घ्यावी. अशी कुमारिका होऊनच गेली नाही, असे त्यात म्हटलेले नाही. ऐतिहासिक आधार पुरेसा नसताना सार्वत्रिक उपासना चालू ठेवू नये, एवढाच त्याचा आशय. खाजगी भक्तीला बंदी झाली नाही. मुन्यानोचे तीर्थ आजही चालू आहे आणि म्हैसूरच्या मंदिराचे नावही तेच आहे.

त्या भगिनीला आम्ही जे उत्तर दिले, ते येथे नमूद करतो. स्नानसंस्कार होतो तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने. नामसंत आपली सोबतीण असते, संस्काराचा पाया नव्हे. तेव्हा दिनदर्शिकेतील एक ओळ गेली म्हणून नोंदवहीतील ओळ पुसली जात नाही. चरित्र संशयास्पद असेल, अस्थी कोणाच्या हे कळत नसेल, तरी एक गोष्ट फरश्यांवरच लिहिलेली आहे. फिलुमेना नावाची कोणी एक होती, तिच्या माणसांनी तिला मातीआड करताना शांती चिंतिली आणि तिचे नाव लिहून ठेवले. ते नाव होते 'प्रिय झालेली'. ज्या आईबापांनी सहा-सात दशकांपूर्वी आपल्या तान्ह्या लेकीला हे नाव दिले, त्यांना ग्रीक येत नव्हते. पण त्यांनी दिलेला अर्थ चुकला नव्हता.

१९८३ ची धर्मविधिसंहिता संताच्याच नावाचा आग्रह धरीत नाही. ख्रिस्ती भावनेला परके नाव असू नये, एवढीच तिची अपेक्षा. आज आमच्याकडे पालक मुलीसाठी 'प्रिया' हे नाव घेऊन येतात, तेव्हा काही वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. त्यांना आम्ही सांगतो : हे नाव परके नाही, तुमच्या फिलू मावशीचेच आहे.

हे ऐकून त्या वृद्ध भगिनी हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे माझ्या नातीचे आणि माझे नाव एकच की!" नातीचे नाव प्रिया आहे, हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हते.