किरकोळ मजकुराची कैफियत

मराठी गद्याचा इतिहास शिकवताना एकोणिसाव्या शतकातील नियतकालिकांकडे आपण निबंधांची पेटी म्हणून पाहतो. पेटी उघडायची, आतला निबंध उचलायचा आणि पेटी माळ्यावर टाकायची. शतपत्रे वाचली म्हणजे 'प्रभाकर' वाचला, टिळक-आगरकर वाचले म्हणजे 'केसरी' वाचला, असा समज विद्यार्थ्यांचा होतो आणि तो आपणच करून देतो. त्या अंकांची बरीचशी जागा मात्र भलत्याच मजकुराने व्यापलेली असे: वर्तमानसार, सरकारी हुकूम, परगावची पत्रे, दुसऱ्या पत्रांतून उतरून घेतलेल्या बातम्या, नव्या पुस्तकांची पोच, पाऊसपाणी, धान्याचे भाव. हा मजकूर कोणत्याही समग्र वाङ्मयात नाही.

असा मजकूर छापखान्याबरोबर आला असे मानण्याचे कारण नाही. पेशवाईतील वकिलांची पत्रे आणि अखबार यांचा घाट हाच आहे. दरबारातील मसलत, फौजेच्या हालचाली, कोणाचे आजारपण, कोठली लग्नकार्ये, रस्त्यांतील चोरांचा उपद्रव, सगळे एकाच कागदावर येते. 'काव्येतिहाससंग्रहा'ने १८७८ पासून आणि राजवाड्यांनी १८९८ पासून असे कागद छापायला घेतले तेव्हा त्यांतले किरकोळ म्हणून काही गाळावे असे त्यांना वाटले नाही. हस्तलिखित तपशिलाला आपण 'साधन' म्हणतो आणि छापील तपशिलाला रद्दी! हा न्याय आम्हांला अजून उमगलेला नाही.

बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. आधी पाक्षिक, त्याच वर्षी मे महिन्यापासून साप्ताहिक. पानावर उभे दोन स्तंभ, एकात मराठी आणि एकात इंग्रजी. या रचनेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला वेधक वाटतो तो त्या पानावरचा काळ. 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुएझला पहिल्यांदा गेली ती १८३० मध्ये, आणि ती वाट नियमित व्हायला पुढे कित्येक वर्षे लागली. तोवर विलायतेचे टपाल आफ्रिकेला वळसा घालून महिनोन् महिन्यांनी येई. म्हणजे मुंबईतली चार दिवसांपूर्वीची घटना आणि लंडनमधली चार महिन्यांपूर्वीची घटना एकाच पानावर शेजारी बसत, आणि वाचकाच्या लेखी दोन्ही 'आज'च्याच असत. १८६५ मध्ये इराणी आखाताच्या मार्गाने हिंदुस्थान आणि युरोप तारेने जोडले गेले, १८७० मध्ये समुद्रातली तार मुंबईला पोचली, आणि हे जुने 'आज' मोडले. जगाकडे पाहण्याची मराठी माणसाची नजर कशी बदलली याचा शोध आपण निबंधांतल्या विचारांत घेतो. तिच्या खुणा या पानांच्या मांडणीत अधिक ठळक सापडतील, असे आमचे मत आहे.

'मॅगझिन' या शब्दाची कुळकथा येथे सांगण्यासारखी आहे. एडवर्ड केव्हने १७३१ मध्ये लंडनला 'जंटलमन्स मॅगझिन' काढले, ते इतर पत्रांतला वेचा एका ठिकाणी साठवण्यासाठी. शब्द मूळचा अरबी, 'मखझन', म्हणजे कोठार. आपला 'खजिना' त्याच धातूचा. १८६७ मध्ये रामचंद्र भिकाजी गुंजीकर प्रभृतींनी सुरू केलेल्या मासिकाला 'विविधज्ञानविस्तार' हे नाव मिळाले, त्यातला 'विविध' हा शब्द शोभेचा नव्हे. गुंजीकरांची 'मोचनगड' ही कादंबरी तेथेच क्रमशः आली.

क्रमशः वाचन ही वेगळीच गोष्ट आहे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात येत होती. यमूची हकीकत वाचणारा वाचक प्रकरण संपताच पान उलटून शास्त्रीय माहिती, चुटके किंवा एखादे चरित्र वाची, आणि पुढच्या प्रकरणासाठी आठवडाभर थांबे. आपला विद्यार्थी ती कादंबरी दोन रात्रींत संपवतो. दोघांनी एकच कादंबरी वाचली असे म्हणताना निदान क्षणभर अडखळायला हवे.

मग मजकुराची वेचणी केव्हा सुरू झाली? फार लवकर. 'केसरी' ४ जानेवारी १८८१ ला निघाला आणि १८८७ मध्ये आगरकरांचे 'केसरीतील निवडक निबंध' पुस्तकरूपाने आलेही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी तर १८७४ मध्येच 'निबंधमाला' काढून निबंधाची शेजाऱ्यांपासून कायमची सुटका केली होती. तेथे बातमी नाही, बाजारभाव नाही, बहुतांशी एकच लेखणी. मराठी निबंधाला त्यातून जे ऐश्वर्य मिळाले ते आम्ही नाकारत नाही. पण वाङ्मय म्हणजे सलग, सही असलेला, एका कर्त्याचा मजकूर, ही आपली व्याख्या तेथे घट्ट झाली.

या व्याख्येची किंमत कोणी मोजली? ज्यांनी निबंध लिहिले नाहीत त्यांनी. पटकीने मेलेली माणसे, दुष्काळात गाव सोडणारी कुटुंबे, कोर्टात उभी राहिलेली एखादी विधवा यांना वृत्तपत्रात जागा मिळाली तर ती दोन-चार ओळींचीच. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये काढलेल्या आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालवलेल्या 'दीनबंधू'चे महत्त्व या दृष्टीनेही पाहावे. इतरत्र स्फुटात संपणारे शेतकऱ्यांचे आणि गिरणी कामगारांचे प्रश्न तेथे पत्राचा मुख्य विषय झाले. फ्रान्समध्ये फेलिक्स फेनेआँने १९०६ साली 'ल मातँ' या दैनिकात तीन-तीन ओळींच्या निनावी बातम्या लिहिल्या. त्याच्या पश्चात त्यांचा संग्रह निघाला आणि आज तो साहित्य म्हणून वाचला जातो. आपल्याकडच्या निनावी उपसंपादकांत असा कोणी नव्हताच, हे न वाचता कसे ठरवायचे?

शंकर गणेश दाते यांच्या ग्रंथसूचीने पुस्तके नोंदवली, तिचे ऋण मोठे आहे. दोन ओळींचा मजकूर मात्र कोणत्याच सूचीत मावत नाही, त्यासाठी अंकच उघडावा लागतो. एम.ए.च्या प्रकल्पाला दरवर्षी तेच तीन निबंधकार देण्याऐवजी एखाद्या साप्ताहिकाचे एका महिन्याचे चार अंक द्यावेत. त्यांतला निबंध वगळून उरलेले सगळे उतरून काढायला सांगावे: कोणती बातमी कोठून घेतली, मूळ पत्राचे नाव दिले की गाळले, कोणाचे नाव छापले आणि कोणाची नुसती जात. जुने कागद हाताळताच तुटतात, तेव्हा हे काम ज्या ग्रंथालयात अजून अंक शाबूत आहेत तेथे आधी करावे.