यवतच्या विद्यार्थ्यांस कोणते इतिहासग्रंथ सुचवावे?

पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या सडकेवर दौंड तालुक्यांत यवत हें गांव आहे. भुलेश्वराच्या देवळाकडे येथूनच वाट फुटते. त्यामुळें तें संशोधकांस अपरिचित नाहीं. अशा गांवच्या माध्यमिक शाळेंतील मुलांस इतिहासाचीं कोणतीं पुस्तकें सुचवावीं, हा प्रश्न वरकरणी शिक्षकांचा दिसतो. आमच्या मतें तो संशोधक व संग्राहक यांचाही तितकाच आहे. पाटील, कुळकर्णी, देशमुख यांच्या ज्या घरांतून जुनीं दप्तरें असण्याचा संभव, त्याच घरांतून हीं मुलें शाळेंत येतात. उद्यां त्या कागदांचे धनी तींच होणार.

शाळा व संशोधन यांचा संबंध आपल्याकडे जुनाच आहे. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं प्रसिद्ध झाला व कॅपनकृत मराठी भाषांतराच्या रूपानें तो शाळांतून शिरला. त्याच डफवर १८६७ सालीं नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं विद्यार्थिदशेंतच टीकात्मक निबंध लिहिला. १८७८ सालीं निघालेल्या ‘काव्येतिहाससंग्रहा’चे एक संपादक काशीनाथ नारायण साने हे शिक्षणखात्यांतील गृहस्थ होते. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या हायस्कुलांत संस्कृत शिकवीत आणि पटवर्धनी दप्तरांतील पत्रें १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहां’त छापीत.

आतां प्रत्यक्ष पुस्तकांविषयीं. आरंभीं कृष्णाजी अनंत सभासदाची बखर द्यावी. ती आटोपशीर आहे. भाषा जुनी असली तरी शिक्षकाच्या थोड्या साहाय्यानें मुलांस कळते. ती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, म्हणजे शिवाजी महाराजांच्या पश्चात् लिहिली गेली, हें मात्र प्रथमच सांगावें. ऐतिहासिक कादंबरी वर्ज्य नाहीं. परंतु तिच्या आधीं हें वाचन व्हावें.

दुसरें वाचन जेधे शकावलीचें. शिवजन्माचें साल उत्तरकालीन बखरींच्या आधारें पूर्वी शके १५४९ धरीत. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरांतून निघालेली शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत प्रसिद्ध केली. तींत शके १५५१, फाल्गुन वद्य ३, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथि आढळली. सदाशिव महादेव दिवेकर यांनीं १९२७ सालीं छापलेल्या परमानंदाच्या ‘शिवभारता’नें तीस दुजोरा दिला. खेड्यांतील एका घरानें कागद जपून ठेविले म्हणून ही दुरुस्ती झाली. मुलांस याहून बोलका पाठ कोणता द्यावा?

तिसरें वाचन मूळ पत्रांचें. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं संपादिलेले ‘पेशवे दप्तरांतून निवडलेले कागद’ १९३० ते १९३४ या काळांत ४५ भागांत निघाले. ते सर्व मुलांपुढें टाकणें व्यर्थ. शिक्षकानें दहाबारा पत्रें निवडावीं व जोडीस जंत्री ठेवावी. पत्रावर ‘अर्बा सितैन मया व अलफ’ असें असल्यास चार, साठ, शंभर व हजार मिळून सुहूर सन ११६४ होतो. त्यांत ५९९ मिळविले कीं १७६३ येतें. हें वर्ष मृगापासून सुरू होत असल्यानें जानेवारीपासून मृगापर्यंतचें पत्र १७६४ चें समजावें. राक्षसभुवनची लढाई याच सनांतली. एवढी बेरीज शाळेंतील मुलास सहज येते, आणि ती आली कीं घरचा कागद मुका राहत नाहीं.

या पुस्तकांबरोबर मोडीचें एक वळणपुस्तक अवश्य असावें. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली. तेव्हांपासून घरोघरचे रुमाल न वाचतां येणाऱ्या वारसांच्या हातीं पडले. कोठें वाळवीनें खाल्ले, कोठें रद्दींत गेले. जो कागद वाचतां येत नाहीं त्याची किंमत घरच्यांस कळावी कशी?

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, यवतसारख्या गांवच्या शाळेस हा लहानसा संच द्यावा व वर्षांतून एक दिवस तेथें जाऊन मोडी वाचून दाखवावी. मूळ कागद मागूं नयेत. मुलांकडून नक्कल करवून घ्यावी व अस्सल त्यांच्याच घरीं राहूं द्यावें. पुढील पिढींत कागद राखणारे हवे असतील, तर आज त्यांस वाचते केलें पाहिजे.